पाव्हणं, वडाची पाटी कुठं?

सिद्रामप्पा त्या दिवशी आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या घरून, गावात गेले ते व्यंकटला आणायला. दुसरं काही काम नव्हतं. म्हैस अडली होती.

दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन निघालं होतं, तूर माणसाच्या डोक्याला लागत होती, आणि दिवस इतका लवकर कलायचा की चुलीवर चहा ठेवावा आणि गाळेपर्यंत अंधारून यावं. गौरा म्हैस सकाळपासून उठत होती, बसत होती, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडं बघत होती. दुपारी त्यांच्या बायकोनं, गुरम्मानं, हाताला तेल लावून चाचपलं.

"काय हाय?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"डोस्कं लागायचं तिथं शेपूट लागायलंय," गुरम्मा म्हणाली. "वासरू उलटं हाय, अवो. पोटातल्या पोटात वाट चुकलंय."

उलटं वासरू फार वेळ दम धरत नाही, आणि ते गेलं की म्हैसही त्याच्यामागं जाते. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघांनीही ते तोंडातून काढलं नाही. पोरगा पुण्याला कंपनीत, पोरगी बिदरकडं दिलेली. आखाड्यावर राहायला नवरा, बायको आणि गौरा. नवरा-बायकोचं भांडण झालं की दोघंही आपापली बाजू गौरेलाच सांगायचे. एवढी ती घरची.

सरकारी डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. मग उरला व्यंकट. गावात त्याचं पेंड-सरकीचं दुकान, आणि अडलेल्या जनावराला त्याचा हात लागला की जनावर सुटतं असा त्याचा बोलबाला. बोलबाला अर्धा लोकांनी केलेला, अर्धा त्यानं स्वतः.

आता आखाडा आणि गाव यांत अंतर असं नाहीच. मधून नांदेड-लातूर रस्ता जातो. पूर्वी रस्त्याकडेला मोठा वड होता, वडाखाली एसटी थांबायची, म्हणून त्या जागेला वडाची पाटी म्हणायचे. वडाखालून निघालं की तोंडातलं पान रंगायच्या आत आखाडा. मग रस्ता चौपदरी झाला. वड गेला. वडाच्या जागी घराएवढा उंच भराव आला, भरावावर रस्ता, रस्त्याला दोन्ही अंगांनी लोखंडी कठडे, मधे दुभाजक. गाव इकडं राहिलं, आखाडा तिकडं. त्या रस्त्यानं लातूर जवळ आलं, नांदेड जवळ आलं, फक्त सिद्रामप्पांचा आखाडा लांब गेला.

गावकऱ्यांनी त्याला इलाज म्हणून कठड्याची पट्टी वाकवून अंग चोरून जाण्यापुरती फट केली होती. सिद्रामप्पा दुपारी त्याच फटीतून आले. व्यंकटला घेऊन तिथं परत गेले, तोवर रस्त्याच्या कंपनीच्या माणसांनी नवी पट्टी ठोकली होती आणि वर बोर्ड लावला होता: आपल्या सुरक्षेसाठी.

"हे एक बरं झालं," व्यंकट म्हणाला. "आता कुणीच कुठं जाऊ शकत न्हाई. अपघाताचा प्रश्नच मिटला."

"मग आता?"

"बसा गाडीवर. वर चढू, फुडं युटन हाय तिथं वळू, त्या अंगाला खाली उतरलं की तुमचाच आखाडा. तुमच्या गुडघ्याचं बी काम न्हाई. चला."

सिद्रामप्पा मागं बसले. व्यंकटचं अंग मोठं, गाडी लहान. अप्पांच्या वाट्याला सीटपेक्षा लोखंडच जास्त आलं. व्यंकटनं फोन काढला, त्यावर बोट फिरवलं आणि तो सदऱ्याच्या खिशात, तोंड वर करून ठेवला. फोनातली बाई स्पष्ट, शुद्ध बोलली. "सरळ जा."

"ही कोण?" अप्पांनी विचारलं.

"रस्ता सांगणारी बाई. लई गुणाची. आपण चुकलो तरी वरडत न्हाई. घरच्या बाईपेक्षा मी हिचंच जास्त ऐकतो."

"रस्ता तर तुला मालूम हाय की."

"मालूम हाय ओ. पण कुणीतरी सांगितलं की बरं वाटतं."

ते चढावरून वर आले तेव्हा सूर्य नुकताच गेला होता. आभाळ तांबूस, खाली रान काळं. उजव्या हाताला, रस्त्याच्या पलीकडं, खाली तुरीच्या मधोमध आखाड्याचा दिवा दिसला. गुरम्मानं गोठ्यात बल्ब लावला होता. एवढा जवळ, की वाटावं हाक मारली तर ओ येईल. अप्पांनी त्याच्याकडं बघून मनात म्हटलं, आलो बघ गौरे, हा वळसा घातला की आलो.

थोडं पुढं किलोमीटरच्या दगडाजवळ एक म्हातारा उभा होता. अंगावर काळी घोंगडी, हातात काठी. त्यानं काठी वर केली.

"पाव्हणं, वडाची पाटी कुठं आली?"

"माघं ऱ्हायली, आजोबा," व्यंकट गाडी न थांबवता म्हणाला.

मग ती बाई म्हणाली, "उजवीकडे यू-टर्न घ्या." व्यंकटनं दुभाजकातल्या मोकळ्या जागेतून गाडी वळवली आणि दुसऱ्या बाजूला घेतली. आता तोंड उलटीकडं झालं. आता दिवा डाव्या हाताला यायला पाहिजे. सिद्रामप्पांनी डावीकडं बघितलं. डावीकडं नुसता अंधार होता. दिवा उजवीकडंच होता.

त्यांना वाटलं आपलं वय झालं. म्हातारपणी उजवं-डावं व्हायचंच.

फोन वाजला. व्यंकटनं तो मागं अप्पांकडं दिला. गुरम्मा होती. "अवो, कुठं हाव? गौरा कण्हायलीय. पाण्याला तोंड लावंना."

"हे काय, आलोच. दिवा दिसायलाय मला."

"मलाबी गाड्या दिसायल्यात वर. त्यातली तुमची कंची?"

"ती... ती येऊलाली ती," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी पुढं-मागं बघितलं. गुरम्माला गाड्या दिसत होत्या, आणि इथं वर दुसरी गाडीच नव्हती. मघापर्यंत उसाचे ट्रक, कंटेनर, ट्रॅव्हल्स एकामागं एक चालले होते. आता रस्ता धुऊन वाळत घातलेल्या धोतरासारखा मोकळा, पांढरा पडला होता. दोन्ही अंगांनी.

पुढं बोर्ड आला. त्यावर लातूर लिहिलं होतं, नांदेडही लिहिलं होतं, आणि दोघांचा बाण एकाच दिशेला होता.

"बोर्ड लावणारा घाईत हुता," व्यंकट म्हणाला. पण आवाज मघासारखा मोकळा नव्हता.

किलोमीटरच्या दगडाजवळ म्हातारा उभा होता. काळी घोंगडी, काठी.

"पाव्हणं... वडाची पाटी कुठं आली?"

"फुडं," व्यंकट म्हणाला आणि त्यानं गाडी पळवली.

"अरे, मघा तू माघं म्हणालास."

"मघा आपण तिकडं चाललो हुतो, अप्पा. आता इकडं चाललोय. माघंचं फुडं झालं की न्हाई? आणि हा दुसरा म्हातारा हाय."

"घोंगडी तीच हाय."

"घोंगड्या सारख्याच असतेत."

बाई म्हणाली, "उजवीकडे यू-टर्न घ्या."

परत वळले. परत दिवा उजवीकडं. व्यंकटनं गाडी कडेला उभी केली. "उतरून कठड्यावरनं बघू," तो म्हणाला. दोघं कठड्याला टेकून डावीकडं खाली वाकले. मघाचं वळण फसलं असेल, तर या वळणाला तरी आखाडा याच अंगाला यायला पाहिजे होता. खाली त्यांच्याच गावाची पाण्याची टाकी होती. टाकीवर सरपंचांच्या वाढदिवसाचा फलक. सरपंच अंधारात हात जोडून हसत होते.

व्यंकटनं वळून रस्त्याकडं बघितलं. "अप्पा... आपण वळलो की न्हाई?"

"वळलो."

"मग?"

सिद्रामप्पा स्वभावानं संथ. बैल उधळला तरी आधी तंबाखू मळणार, मग उठणार. त्यांनी सावकाश सांगितलं, "ह्याला चकवा म्हणतेत, व्यंकट. मी पोरगा असताना मला लागला हुता. ह्याच रानात. आखाड्यावरनं वडाकडं निघालो आणि रातभर बांधाबांधानं फिरलो. माझा बाप म्हणायचा, चकवा लागला की पळायचं न्हाई. अंगातला सदरा काढून उलटा घालायचा आणि गप बसायचं. मग चकव्याला आपण वळखू येत न्हाई."

"चकवा रानात असतो. हा हायवे हाय. सहा इंजिनिअर हुते हितं, हेल्मेट घालून."

"हाव. पण सदरा उलटा कर."

"ह्याच्यावर पेंडीची जाहिरात हाय, अप्पा. उलटा घातला तर कंपनी फुडल्या वर्षी नवा देणार न्हाई." व्यंकट गाडीवर बसला. "चला. ह्या बारीला मी ह्या बाईचंबी ऐकणार न्हाई."

बाईचं ऐकलं नाही, तरी रस्त्यानं आपलंच ऐकवलं. तोच बोर्ड, तोच बाण. आणि दगडापाशी तो म्हातारा. या वेळी उभा नव्हता, दगडाला टेकून बसला होता. दमलेल्या माणसासारखा, पाय पसरून. गाडीचा उजेड त्याच्यावर पडला. घोंगडीच्या आरपार मागचं गवत दिसलं. हिरवं, प्रत्येक पातं वेगळं.

गाडी बंद पडली. व्यंकटनं बंद केली नव्हती.

वास आला. भर रस्त्यावर, डांबर आणि डिझेलच्या जागी ओल्या पाल्याचा वास, वडाची पानं कुजल्याचा, पिकल्या वडफळांचा. सिद्रामप्पांना तो वास लहानपणापासूनचा ओळखीचा होता. ओळखीचा होता म्हणूनच त्यांच्या पाठीवर काटा आला. त्या जागी वडाचं आता एक मूळही नव्हतं.

"अप्पा... उतरू नका..." व्यंकट कुजबुजला.

पण अप्पा उतरले होते. गुडघा धरून म्हाताऱ्यापाशी जाऊन उभे राहिले.

"पाव्हणं," म्हातारा खाली बघतच म्हणाला, "आता तरी खरं सांगा. एक म्हणतो माघं, एक म्हणतो फुडं. वडाची पाटी कुठं आली?"

"तुम्ही बसलाव न्हाई का? हीच ती."

म्हाताऱ्यानं हळूहळू मान वर केली. तोंड होतं, पण त्याच्यावर नजर ठरत नव्हती. बघावं तर नाक डावीकडं वाटावं, परत बघावं तर उजवीकडं. "ही?" तो म्हणाला. "वड कुठाय?"

"वड गेला. रस्ता आला."

"मग मी ह्याच्यावरच फिरून राहिलो तर." त्यानं कपाळावरून हात फिरवला. "वड पडला त्या दिवशी जरा बाजूला झालो, म्हणलं गडबड मिटली की येतो परत. तवापासनं चाललोय. चाललोय आणि हितंच येतोय. वळ म्हणतेत तिथं वळतो, उतर म्हणतेत तिथं उतरतो..." मग तो एकदम लाजला. "कुणाला सांगू नका. आमच्यात कळलं तर मला तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई. चकव्याला चकवा लागला म्हणतील."

व्यंकटच्या तोंडून बारीक आवाज निघाला, उंदराच्या निघतो तसा.

म्हाताऱ्यानं सिद्रामप्पांकडं निरखून बघितलं. "तुला वळखलो. त्या आखाड्याचा पोरगा तू. एकदा तुला रातभर फिरवलो हुतो, तवा तू रडला न्हाईस. बांधावर बसून घरची भाकर खाल्लास. मला लई वाईट वाटलं हुतं."

"ती भाकर बापासाठी न्यायलो हुतो," अप्पा म्हणाले. "मग आता आमाला कामून फिरवायलाव?"

"मी न्हाई. देवाशप्पथ." तो थांबला. "देवाची शप्पथ आमाला चालत न्हाई, पण समज. अरे, आमच्या येळंला एक माणूस फिरवायचा म्हणजे अख्खी सांज जायची. त्याच्या फुडं फुडं चालायचं, बाभळ हलवायची, काजवं लावायचं. हितं नुसता बाण काढतेत आणि हजार माणसं एकदम फिरतेत. दिवसाढवळ्या. वर त्यांच्याकडनं पावती फाडतेत." मग आवाज खाली आणून, मनापासून, त्यानं विचारलं, "ह्यांचा गुरू कोण हाय?"

तेवढ्यात व्यंकटच्या खिशातून बाई बोलली, "उजवीकडे यू-टर्न घ्या."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात जोडले. "ही बाई कंच्या गावची?"

"त्... ती बाई न्हाई," व्यंकट म्हणाला. "फोन हाय."

"दिसत न्हाई, पण बोलती. बोलती तसं माणूस वळतं." म्हातारा त्या खिशाकडं बघत राहिला. "आमच्यातलीच हाय. नशीबवान हाय. बसल्या जागी..."

फोन वाजला. व्यंकटनं तो खिशातून काढून अप्पांच्या हातात दिला. गुरम्माचा आवाज बारीक झाला होता.

"अवो... गौरा मान टाकायलीय. तुम्ही येऊलालाव न्हाई का?"

"आलो," अप्पा म्हणाले. "तिच्या कानात सांग, आलो म्हणून."

त्यांनी फोन दिला आणि तिथंच उभे राहिले. उजवीकडं खाली दिवा होता. तिथं गौरा मान टाकत होती. समोर हा बसला होता, जत्रेत हरवलेल्या मुलासारखा. व्यंकट दबक्या आवाजात म्हणत होता, "अप्पा, चला, गाडी ढकलत नेऊ, चला..." सिद्रामप्पांनी एक क्षण दिव्याकडं बघितलं आणि मग ते म्हाताऱ्याला म्हणाले, "बापानं मला इलाज सांगितला हुता. सदरा उलटा घालायचा आणि बसायचं."

"माझ्यावर चालंल?"

"वाट चुकलेल्यावर चालतो. कोण का असंना."

म्हाताऱ्यानं घाईनं घोंगडी काढली, उलटली, परत पांघरली. काहीच झालं नाही. त्यानं परत उलटली. घोंगडीला उलटं-सुलटं असतं कुठं? दोन्ही अंगांनी ती सारखीच काळी. तो तिला फिरवून फिरवून बघत होता आणि त्याचा चेहरा रडवेला होत होता.

तेव्हा सिद्रामप्पांनी आपला सदरा काढला. कोपरावर गुरम्मानं ठिगळ लावलेला, पांढरा सदरा. बाह्या आतून बाहेर ओढून त्यांनी तो नीट उलटा केला.

"अप्पा," व्यंकट म्हणाला, "तिकडं म्हैस मरायलीय आणि तुम्ही भुताला सदरा घालायलाव."

"त्याला थंडीबी वाजत असंल," अप्पा म्हणाले.

सदरा घालताना त्यांचा हात म्हाताऱ्याच्या खांद्याला लागला. तिथं खांदा नव्हता. गारवा होता, विहिरीत वाकून बघितल्यावर तोंडाला लागतो तसा, आणि तो गारवा बाहीत बरोबर मावला.

"आता गप बसा," अप्पा म्हणाले. "घाई करायची न्हाई."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. नुसता सदरा दगडाला टेकून बसल्यासारखा दिसत होता, शिवणी वर, ठिगळ आत. मग एक ट्रक भोंगा वाजवत अंगावरून गेल्यासारखा गेला. दोघं दचकून बाजूला झाले. मागोमाग दुसरा आला, तिसरा आला, रस्ता भरून वाहायला लागला. दगडापाशी कुणी नव्हतं. ना सदरा.

आणि दिवा डाव्या हाताला होता.

व्यंकटनं किक मारली. पहिल्या किकला गाडी लागली. उतारावरून खाली, कडेच्या रस्त्यानं, मग बैलगाडीच्या वाटेनं तुरीतून. अप्पा बनियनवर कुडकुडत होते. वाटेत एकदाच व्यंकट म्हणाला, "अप्पा, गावात सांगू नका मी घाबरलो हुतो म्हणून." अप्पा म्हणाले, "तू कुठं घाबरलास? तू तर बोलतबी नव्हतास."

गोठ्यात शांतता होती. त्या शांततेनं सिद्रामप्पांचे पाय दारातच थांबले. आत जायला ते धजेनात.

"या की," आतून गुरम्मा म्हणाली. "तिथं कामून उभे ऱ्हायलाव?"

गौरा उभी होती. तिच्या पुढ्यात ओली, काळी, लटपटणारी वगार होती, आणि गौरा तिला चाटत होती, इतक्या जोरानं की वगार दर चाटण्याला बसत होती आणि उठत होती. सिद्रामप्पा गवतावर बसले. त्यांनी गौरेच्या पायावर हात ठेवला.

"लई शिस्तीत झालं," गुरम्मा म्हणाली. "तुम्ही त्या म्हाताऱ्याला आधी धाडलाव ते बरं केलाव."

व्यंकट बादलीत हात धूत होता. तो तसाच राहिला.

"कंचा म्हातारा?" अप्पांनी विचारलं.

"असं काय करता? तुमचा सदरा घालून आला की. तुरीतनं आला, वाटेनं न्हाई. मी आधी घाबरले, मग ठिगळ दिसलं, आतल्या अंगानं. सदरा उलटाच घातला हुता. म्हणलं घाईत घातला आसंल. तुम्ही दिल्याबिगर का घालंल? म्हणला, कुठं हाय वाट चुकलेली? मी गौरा दाखवली." गुरम्मा वगारीकडं बघत सांगत होती, सावकाश, जसं घडलं तसं. "मी विचारलं, येतंय का तुमाला? तर हसला. म्हणला, सुलट्याला उलटं करण्यात जन्म गेला, बाई, उलट्याला सुलटं करणं काय अवघड हाय. आणि हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. मग..."

"मग काय?"

"मग मी डोळं मिटले, अवो. खांदाबी आत गेला असं दिसलं मला. पण गौरा हूं की चूं केली न्हाई. डोळं उघडले तर वगार खाली पडलेली, आणि हा त्या खुंटीला सदरा अडकवायला."

तिघांनीही खुंटीकडं बघितलं. सदरा तिथं होता. सुलटा. कोरडा. त्याला रक्ताचा, चिकाचा एक डाग नव्हता. ठिगळ बाहेरच्या बाजूला, गुरम्मानं लावलं होतं तसं.

"चहा ठेवते म्हणलं, तर म्हणला नको. जागा पाहिजे म्हणला, ऱ्हायला. वड ऱ्हायला न्हाई म्हणला." गुरम्मानं अप्पांकडं बघितलं. "मी म्हणाले, जागेला काय तोटा हाय, बगा कुठं सोय हुती ते. चुकलं का माझं?"

सिद्रामप्पा म्हणाले, "न्हाई. बरोबर केलीस."

गुरम्मानं चहा दिला. व्यंकटनं मात्र तो अर्धा टाकला आणि उठला. अंधार चांगला पडला होता. "मी निघतो," तो म्हणाला. आखाड्यावरून बाहेर पडायला वाट एकच, डावीकडं वळली की कडेचा रस्ता. आंधळ्यालाही सापडेल. पण त्या दिवशी व्यंकटला कुणीतरी सांगणारं हवं होतं. त्यानं गाडी चालू केली, फोनवर बोट फिरवलं, फोन खिशात ठेवला, तोंड वर करून.

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग खिशातून कुणीतरी खाकरलं.

"पाव्हणं," फोन म्हणाला. बाई नव्हती. म्हातारा, संथ, समाधानी आवाज होता. "उजवीकडं वळा."

गुरम्माच्या हातातली कपबशी वाजली. "हाच," ती म्हणाली. "हाच आवाज..."

व्यंकटनं हे ऐकलं की नाही, कोण जाणे. त्याचं डोकं सरळ होतं, गाडी सरळ होती. वाटेच्या तोंडाशी ती गेली आणि उजवीकडं वळली. तुरीत. सिद्रामप्पा आणि गुरम्मा दारात उभे राहून बघत होते. गाडीचा उजेड तुरीच्या कडेनं गेला, बांधावरून वळला, विहिरीमागून आला, आणि परत निघाला. लांबून तो आवाज येत होता, दम न लागता, प्रेमानं. "अजून थोडं फुडं... आता वळा... हां, अस्सं..."

गुरम्मानं चहाचं आधण परत ठेवलं. सिद्रामप्पांनी खुंटीवरचा सदरा काढला, बाह्या ओढून उलटा केला, आणि तो हातावर टाकून वाटेच्या तोंडाशी जाऊन बसले. घाई न करता. मागं गोठ्यात वगार पहिल्यांदा हंबरली.

व्यंकट उजाडायच्या आत घरी पोचला. धडधाकट पोचला. त्यानं फोन बदलला, नंबरही बदलला, आणि नव्या फोनात ती शुद्ध बोलणारी बाईच आहे. लातूरला जावं, नांदेडला जावं, ती बरोबर नेते. फक्त वडाच्या पाटीजवळ भराव लागला की ती क्षणभर गप्प होते. तिनं कुणालातरी सरकून जागा करून द्यावी, इतकाच वेळ. मग ओल्या वडाचा वास येतो. मग ती बोलते. ती बोलली तर ठीक. तिच्याआधी कुणी खाकरलं, तर व्यंकट तिथंच गाडी उभी करतो, भर रहदारीत, आणि पेंडीची जाहिरात आत जाईल असा सदरा काढून उलटा घालतो.

मागच्या आठवड्यात म्हणे तिथं कडेला एकूण नऊ गाड्या उभ्या होत्या, आणि कुणीच कुणाकडं बघत नव्हतं.